धंदाच करायचा, मग बिझनेस स्कूल कशाला? माझ्या अर्जाचा अनुभव

‘धंदाच करायचाय ना, मग त्यासाठी दोन वर्षं वर्गात कशाला बसायचं?’ एमबीएसाठी अर्ज करायच्या आधीपासून हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. पुढे अर्जाच्या प्रत्येक टप्प्यावर तो वेगळ्या रूपात समोर येत राहिला. निबंधात आला, शिफारसपत्रांच्या वेळी आला, मुलाखतीत आला आणि शेवटी कर्जाच्या हिशेबातही आला. सल्लागार कंपनीत किंवा गुंतवणूक बँकेत जायचं असलेल्याला हे कोणी विचारत नाही, कारण तिथे आत जायचा तो नेहमीचा रस्ता आहे. उद्योजकाकडे मात्र ही पदवी ना ग्राहक मागतो, ना गुंतवणूकदार. म्हणून आमच्यासारख्यांच्या अर्जाचा सगळा भार या एका उत्तरावर असतो, असं माझं ठाम मत झालं आहे. ते उत्तर शोधायला मला जितका वेळ लागला, तितका बाकीच्या कशालाच लागला नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी वैद्यकीय उपकरणांच्या एका कंपनीत सर्व्हिस विभागात काम करत होते. लहान रुग्णालयांत जायचं, बंद पडलेलं यंत्र उघडायचं, दुरुस्त करायचं. सिरिंज पंप, ईसीजी यंत्र, व्हेंटिलेटर अशी चांगली चालू शकणारी यंत्रं एखाद्या किरकोळ भागावाचून कोपऱ्यात पडून असलेली मी सतत बघत होते. कोणता भाग कधी बदलला, कॅलिब्रेशन (यंत्राचं मोजमाप अचूक आहे ना याची तपासणी) शेवटचं कधी झालं, याची नोंद कोणाकडेच नसायची. जी नोंद असायची ती जुन्या तंत्रज्ञाच्या डोक्यात, आणि तो नोकरी सोडून गेलेला असायचा. मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने मिळून या नोंदी ठेवणारं आणि स्पेअर पार्ट कुठे मिळेल ते सांगणारं एक साधं सॉफ्टवेअर तयार केलं. काही रुग्णालयांनी ते वापरायला घेतलं. पैसे देणारी मात्र त्यातली थोडीच. ते चालत होतं, पण वाढत नव्हतं. यंत्र दुरुस्त करणं मला येत होतं, कोड लिहिणं त्याला येत होतं. पण रुग्णालयात एखादी वस्तू डॉक्टरला हवी असते, तिचे पैसे लेखाविभाग देतो आणि सही तिसऱ्याच माणसाची लागते. अशा ठिकाणी विकायचं कसं आणि किंमत लावायची कशी, हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

शाळांची, म्हणजे बिझनेस स्कूलची, यादी करायला बसले तेव्हा क्रमवारीच्या तक्त्यांचा मला फारसा उपयोग झाला नाही. पदवीनंतर किती पगार मिळतो हा त्या तक्त्यांतला मोठा निकष असतो, आणि मला पगार नको होता. मी त्याऐवजी तिथून निघालेल्या कंपन्यांची सुरुवात कशी झाली ते वाचत गेले. ग्रॅब ही मोबाइलवरून टॅक्सी बोलावायची सेवा काढणारे दोघे हार्वर्डमध्ये एकाच वर्गात होते. त्यांची योजना २०११ साली तिथल्याच स्पर्धेत दुसरी आली आणि २०१२ मध्ये मलेशियात सेवा सुरू झाली. वॉर्बी पार्कर ही चष्म्यांची कंपनी व्हार्टन या अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलमधल्या चार वर्गमित्रांनी २०१० मध्ये, शिकत असतानाच, उभी केली. भाड्याने कपडे देणारी रेंट द रनवे ही हार्वर्डमधल्या दोन मैत्रिणींची. फार मागे जायचं तर फिल नाइट यांनी स्टॅनफर्डमध्ये जपानी धावण्याच्या बुटांवर एक निबंध लिहिला, १९६२ मध्ये पदवी घेतली आणि १९६४ मध्ये त्याच कल्पनेवर कंपनी काढली. तीच पुढे नायकी झाली.

वाचताना उत्साह वाटत होता, पण एक गोष्ट टोचतही होती. या सगळ्यांना कल्पना किंवा भागीदार, दोन्हींपैकी एक तरी शाळेत मिळालं होतं. माझ्याकडे दोन्ही आधीच होतं. म्हणजे ‘मला सोबती हवेत, विचार करायला निवांतपणा हवा’ हे त्यांचं कारण माझ्या अर्जात चाललं नसतं. चालत्या कामातून उठून मी नेमकं काय घ्यायला येते आहे, ते मला वेगळं मांडावं लागणार होतं.

त्या दृष्टीने बघितल्यावर यादी आपोआप आटोपशीर झाली. एमआयटीमध्ये १९९० च्या सुमाराला दहा हजार डॉलरच्या बक्षिसावर सुरू झालेली उद्योजकांची स्पर्धा आता एक लाखाची आहे, आणि उन्हाळ्यात पूर्णवेळ कंपनी उभारणाऱ्यांसाठी डेल्टा व्ही नावाचा उपक्रम आहे. स्टॅनफर्डचा स्टार्टअप गॅरेज हा कोर्स खऱ्या ग्राहकांपर्यंत जायला लावतो. अमेरिकेतल्याच बॅबसन कॉलेजमध्ये तर उद्योजकता हाच सगळ्या शिक्षणाचा पाया आहे. फ्रान्समधल्या इन्सिआदचा अभ्यासक्रम १० महिन्यांचा. खर्च कमी, कामापासूनचा दुरावाही कमी, म्हणून तो मला बरेच दिवस खुणावत होता. पण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधला उन्हाळा सलग मोकळा मिळतो, आणि वर्गात शिकलेलं त्या उन्हाळ्यात माझ्या रुग्णालयांत करून बघायचं हाच माझा बेत होता. दहा महिन्यांत तेवढी सवड निघत नाही.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. मी जीमॅट ही बिझनेस स्कूलसाठीची प्रवेशपरीक्षा दिली. २०२३ च्या अखेरीस ती बदलली. आता सव्वादोन तासांत गणित, भाषा आणि डेटा इनसाइट्स असे ४५-४५ मिनिटांचे तीन भाग असतात आणि गुण २०५ ते ८०५ या मापात मिळतात. जुन्या मापातले ७०० आणि नव्यातले ६४५ साधारण एका पातळीचे, हे लक्षात ठेवा, नाहीतर जुने आकडे वाचून उगाच धास्ती बसते. डेटा इनसाइट्सचा भाग मला मनापासून आवडला, कारण तक्ता बघून ‘यातून हे ठरवता येतं का?’ असं विचारणं हेच माझं रोजचं काम होतं. गुण पाच वर्षं चालतात. म्हणून धंद्यात गळ्यापर्यंत बुडायच्या आधीच परीक्षा उरकून ठेवा, असं मी हक्काने सांगेन.

खरी दमछाक निबंधांनी केली. शाळागणिक प्रश्न वेगळा, आणि प्रत्येक प्रश्न माणसाचा वेगळाच भाग बाहेर ओढतो. स्टॅनफर्ड अनेक वर्षं हे विचारत आलं आहे, तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं काय आणि का. हार्वर्डने २०२४ पासून एका मोठ्या निबंधाऐवजी तीन छोटे मागायला सुरुवात केली: व्यवसायाकडे कसं बघता, नेतृत्व कसं करता, जिज्ञासेतून कसे वाढलात. एमआयटी निबंधच मागत नाही. नोकरीच्या अर्जासारखं पत्र, छोटा व्हिडिओ आणि तुम्ही काम करता तिथल्या पदांचा आराखडा द्यायचा. माझ्या स्वतःच्या कंपनीत माणसं दोन, आराखडा कसला काढणार? मी नोकरीतला आराखडा दिला, त्यात माझी जागा दाखवली आणि आमच्या कंपनीबद्दल पत्रात लिहिलं.

‘शाळा कशाला’ या प्रश्नावर मी शेवटी असं केलं. आमच्या कंपनीत अडलेले निर्णय एका कागदावर उतरवले. पैसे दर यंत्रामागे घ्यायचे की दर रुग्णालयामागे महिन्याला? स्वतः विकायचं की उपकरणांच्या वितरकांमार्फत? विक्रीसाठी पहिला माणूस घ्यायचा तो रुग्णालयाच्या जगातला की सॉफ्टवेअरच्या? प्रत्येकासमोर आम्ही आतापर्यंत काय करून पाहिलं आणि त्यातून काय निघालं ते लिहिलं. मग स्वतःलाच विचारलं, यातलं काय आणखी दहा रुग्णालयांत हिंडून कळेल, आणि काय हिंडून कळणार नाही? स्वतः विकायचं की वितरकांमार्फत, हे आणखी हिंडून कळलं असतं; ते निबंधातून काढून टाकलं. किंमत आणि माणसं हे दोन प्रश्न उरले. त्यांसाठी वेगवेगळ्या धंद्यांतले पुष्कळ दाखले एकामागून एक तपासायला हवे होते आणि आपलं म्हणणं खोडून काढणारी माणसं समोर हवी होती. नव्वद जणांच्या वर्गात केस स्टडीवर वाद घालण्याचं मोल मला तिथे पहिल्यांदा पटलं. निबंध त्यावर उभा राहिला. त्यात ‘जग बदलायचंय’ असं एकही वाक्य नव्हतं, आणि ते नव्हतं याचं मला आजही समाधान आहे.

या काळात एक सल्ला फार ऐकला: उद्योजक व्हायचंय असं लिहू नका, ‘सल्लागार व्हायचंय’ असं सुरक्षित ध्येय लिहा, कारण कंपनी काढणाऱ्यांमुळे शाळेचे नोकरीचे आकडे खाली येतात. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. शाळांचे रोजगार अहवाल नीट वाचले तर दिसतं, की ‘इतक्या टक्के विद्यार्थ्यांना नोकरी मिळाली’ ही टक्केवारी नोकरी शोधणाऱ्यांवरच काढलेली असते. स्वतःची कंपनी काढणारे वेगळ्या ओळीत दाखवलेले असतात. त्यांच्यामुळे टक्केवारीला धक्का लागत नाही. प्रवेश समितीला काळजी असते ती वेगळी. हा माणूस अर्ध्यावर सोडून जाईल का? कंपनी बुडाली तर याच्याजवळ दुसरा काही मार्ग आहे का? त्याचं उत्तर द्यायलाच हवं. मी लिहिलं, की आमचं जमलं नाही तर वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर व्हायला मला आवडेल, आणि दुरुस्त करायला सोपी यंत्रं बनवणं हे तिथेही माझं काम राहील. हे खरं होतं. म्हणूनच लिहायला जड गेलं नाही.

शिफारसपत्रं हा उद्योजकांसाठी अवघड भाग आहे. शाळांना शक्यतो थेट वरिष्ठ हवा असतो. जो स्वतःच मालक आहे त्याने वरिष्ठ कुठून आणायचा? अशा वेळी ग्राहक, गुंतवणूकदार किंवा आधीच्या नोकरीतले साहेब चालतात, फक्त त्यांनी तुमचं काम जवळून पाहिलेलं हवं. मी नोकरीत असल्यामुळे एक पत्र माझ्या विभागप्रमुखांचं घ्यायचं ठरलं. आमच्या सॉफ्टवेअरची कल्पना मी त्यांना सुरुवातीलाच लेखी दिली होती आणि कंपनीची कोणतीही माहिती त्यात वापरणार नाही हेही लिहून दिलं होतं. म्हणूनच मान वर करून विचारता आलं. नोकरी सांभाळून काही उभं करणाऱ्यांनी नेमणुकीचा करार आधी वाचावा आणि ही परवानगी आधी घ्यावी. अर्जाच्या वेळी हे प्रकरण उघडलं तर शिफारस राहते बाजूला आणि खुलासे देत बसावं लागतं.

सर म्हणाले, “अगं, लिहीन की. पण तुमच्या त्या सॉफ्टवेअरबद्दल मी काय लिहू? मी तुला यंत्रं दुरुस्त करताना पाहिलंय.”

“सर, तेच लिहा,” मी म्हटलं.

पुष्कळ शाळा आता एकच सामाईक नमुना वापरतात. त्यात उमेदवार बरोबरीच्या लोकांच्या तुलनेत कसा आहे, आणि तुम्ही त्याला दिलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती व त्याने ती कशी घेतली, असे दोन प्रश्न असतात. दुसरा प्रश्न सरांना फार आवडला. ते दोन दिवस जुने प्रसंग आठवून मला फोन करत होते. त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. पत्र बघण्याचा हक्क मी अर्जातच सोडला होता. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं म्हणणारे खूप भेटतात. तसं करू नका. एका हाताची दोन पत्रं आणि निबंध एकत्र वाचणाऱ्याला ते लगेच कळतं, आणि मुळात ते खोटं आहे. दुसरं पत्र एका रुग्णालयाच्या व्यवस्थापक मॅडमनी दिलं. त्या आमच्या पैसे देणाऱ्या पहिल्या ग्राहक, आणि आमच्यावर सर्वांत जास्त चिडलेल्याही त्याच. त्यांच्यापाशी जायला मला थोडं धैर्य गोळा करावं लागलं. पण आमचं काम बिघडल्यावर आम्ही कसे वागतो हे त्यांच्याइतकं कोणीच पाहिलेलं नव्हतं.

रेझ्युमे एका पानाचा. त्यात ‘वापरणारी रुग्णालयं’ आणि ‘पैसे देणारी रुग्णालयं’ हे दोन आकडे मी वेगवेगळे लिहिले. नुसता मोठा आकडा लिहायचा मोह होतो, पण प्रवेश मिळाल्यावर अनेक शाळा बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी करून घेतात आणि स्वतःच्या कंपनीबद्दल लिहिलं असेल तर नोंदणीची, बँकेची, कराची कागदपत्रं मागितली जाऊ शकतात. शिवाय मुलाखतीत सगळ्यात चांगली चर्चा झाली ती या दोन आकड्यांमधल्या अंतरावरच.

मुलाखतींचे प्रकारही वेगळे. स्टॅनफर्डमध्ये बहुधा माजी विद्यार्थी मुलाखत घेतात आणि त्यांच्या हातात फक्त रेझ्युमे असतो. हार्वर्डमध्ये समोरच्याने तुमचा सगळा अर्ज वाचलेला असतो, वेळ अर्धा तास. व्हार्टनमध्ये पाच-सहा उमेदवारांना एकत्र बसवून एका विषयावर काम करायला लावतात. उद्योजकाला शेवटचा प्रकार कठीण जातो असं मला वाटतं, कारण आपल्याला पटकन ठरवून पुढे जायची सवय असते आणि तिथे इतरांना बोलतं करणं बघतात.

माझ्या एका मुलाखतीत मला विचारलं गेलं, की उद्या कोणी गुंतवणूक द्यायला तयार झालं तर तू इथे येशील का? हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, तरी पोटात गोळा आलाच. मी सांगितलं, की गुंतवणुकीची अट मी पूर्णवेळ तिथेच राहायचं अशी असेल आणि आमच्या ग्राहकांना त्याची गरज असेल, तर मी येणार नाही, आणि ते त्याच दिवशी तुम्हाला कळवीन. पण किंमत कशी लावायची हेच कळत नसताना दुसऱ्याचे पैसे घेणं मला आज योग्य वाटत नाही, म्हणून मी इथे बसले आहे. त्यानंतर उरलेला वेळ आम्ही दर यंत्रामागे की दर महिन्याला यावरच बोललो. समोरच्या बाईंनी दोन्ही पर्यायांत असे प्रश्न काढले, की बाहेर आल्या आल्या मी ते भागीदाराला पाठवले.

निकाल असे लागले: एका शाळेने मुलाखतीलाही बोलावलं नाही, एकीने प्रतीक्षायादीत ठेवलं, एकीने अंशतः शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला. नकाराचं कारण सांगत नाहीत. वाईट वाटलं, खूप वाटलं.

प्रवेशानंतर पैशाचा प्रश्न आला, आणि उद्योजकाला तो सर्वांत जास्त झोंबतो. पदवी झाल्यावर नोकरी करणारा पगारातून हप्ते फेडतो. कंपनी चालवणारा पहिली काही वर्षं स्वतःला धड पगारही देऊ शकत नाही. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड शिष्यवृत्ती आर्थिक गरज बघूनच देतात, तर इतर अनेक ठिकाणी गुणवत्तेवर मिळते आणि तिथे विनंती करून वाढवूनही मागता येते. मी मागितली, थोडी वाढली. पदवीनंतर स्वतःचा उद्योग चालवणाऱ्यांना कर्जात सवलत देणाऱ्याही काही शाळा आहेत. अर्ज करण्याआधीच हे विचारून घ्या. अमेरिकेत बाहेरून शिकायला जाणाऱ्याने व्हिसाचे नियमही आधी वाचावेत. विद्यार्थी व्हिसावर कंपनीची नोंदणी करता येते, तिचे भाग (शेअर) बाळगता येतात, पण परवानगीशिवाय तिच्यासाठी प्रत्यक्ष काम करता येत नाही. पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीत, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या परवानगीत, स्वतःच्या धंद्यात काम चालतं. पुढची २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या पदवीधरांसाठीची) मुदतवाढ मात्र खऱ्या अर्थाने कोणीतरी मालक असलेल्या नोकरीवरच मिळते. हे मला एका माजी विद्यार्थिनीने सांगितलं तेव्हा माझा उन्हाळ्याचा सगळा बेत मी परत मांडला: त्या महिन्यांत घरी परत येऊनच काम करायचं.

आणि भागीदार. अर्ज करणाऱ्यांच्या अनुभवात या विषयावर मला फारच कमी वाचायला मिळालं. आपण शिकायला जातो तेव्हा मागे कोणीतरी दुकान सांभाळत राहतं. त्याला मी पहिल्या दिवसापासून सगळं सांगत आले होते, तरी प्रवेशाचं पत्र आल्यावर तो म्हणाला, “तू जा, मी अडवणार नाही. पण आपलं सगळं कागदावर लिहूया.” मला ते आवडलं. आमचे भाग चार वर्षांत हळूहळू पक्के होतील, म्हणजे जितका काळ काम केलं तितकेच आपल्या मालकीचे होतील, आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडणाऱ्याला काहीच मिळणार नाही, असं आधीपासून ठरलं होतं. नव्या करारात आम्ही लिहिलं, की सत्र चालू असताना माझे भाग पक्के होणं थांबेल, उन्हाळ्यात मी पूर्णवेळ काम करीन तेव्हा ते पुन्हा सुरू होईल. कंपनीतून पगार निघू लागला तर आधी त्याचा. रोजचे निर्णय त्याचे. कर्ज काढणं, गुंतवणूक घेणं आणि कंपनी विकणं या तीन गोष्टी मात्र दोघांच्या सहीशिवाय नाहीत. वकिलाकडून तपासून घेतलं, सह्या केल्या, आणि त्यानंतरच मी प्रवेशाची अनामत भरली.

सध्या तो दोन रुग्णालयांत दर यंत्रामागे पैसे घेऊन बघतो आहे, दुसऱ्या दोन ठिकाणी दर महिन्याला. पहिलं सत्र सुरू होईपर्यंत त्याचे आकडे माझ्या हातात येतील.